चार्ल्स केटरिंग : मोटारीची कळ फिरवणारा माणूस

न्यूयॉर्क येथील कर्करोगाच्या जगप्रसिद्ध इस्पितळाचे नाव, मेमोरियल स्लोन केटरिंग, बडोद्यातील जुन्या मराठी घरांना नवे नाही. यातील स्लोन आणि केटरिंग ही दोन माणसांची नावे आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हा केटरिंग वैद्य नव्हता. तो मोटारींचा इंजिनिअर होता. आपण मोटारीचा ‘सेल्फ’ मारतो तो त्याचा. आणि सत्तराहून अधिक वर्षे जगभरच्या पेट्रोलमधून जे शिसे हवेत मिसळत राहिले, त्यामागेही त्याचाच हात होता. एका आयुष्यात ही सारी कामे कशी मावली, ते आज सांगावेसे वाटते.

सांगावेसे वाटण्यास आणखी एक कारण आहे. चार माणसे जमली आणि पेट्रोलच्या भावाचा विषय निघाला, की कोणीतरी हटकून सांगतो, की गॅलनला शंभर मैल जाणारी मोटार कधीच तयार झाली होती, पण तेलाच्या कंपन्यांनी तो शोध विकत घेऊन तिजोरीत कुलूपबंद केला. मला ही तिजोरीची गोष्ट कधी पटली नाही. मात्र मोटारीने काय प्यावे आणि किती प्यावे, हे ठरवण्यात तेलाच्या व्यापाराचा वाटा नव्हता असेही नाही. तो वाटा नेमका कसा असतो, हे केटरिंगच्या चरित्रात जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे कोठे आढळले नाही.

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजी अमेरिकेतील ओहायो प्रांतात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. घरची स्थिती बेताची. त्यातून डोळे लहानपणापासून अधू. थोडे वाचले की डोके ठणकू लागे. तरी मुलगा हुशार निघाला. खेड्यातल्या शाळेत काही काळ मास्तरकी करून तो विद्यापीठात गेला. पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडावे लागले. मग त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत मजुरी धरली, खांबांसाठी खड्डे खणले. मोकळ्या हवेत प्रकृती सुधारली, तारांचे व विजेचे वेड लागले, आणि तो पुन्हा विद्यापीठात परतला. सोबतचे विद्यार्थी पुस्तके मोठ्याने वाचीत आणि हा ऐकून लक्षात ठेवी. 1904 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो विजेच्या शाखेचा इंजिनिअर झाला.

नोकरी मिळाली ती डेटन शहरात, दुकानातील गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कंपनीत. त्या यंत्राला दांडा असे; तो ओढला की हिशेब उमटे आणि पैशाचा खण उघडे. केटरिंगने दांड्याच्या जागी विजेची लहानशी मोटर बसवली. इतरांचे म्हणणे असे, की एवढ्या जोरासाठी मोठी मोटर लागेल. केटरिंगने ताडले, की गल्ला उघडण्यास क्षणभरच जोर लागतो. लहान मोटरवर क्षणभर दुप्पट-चौपट ओझे टाकले तरी ती जळत नाही. ही साधी युक्ती पुढे त्याच्या सर्व भाग्योदयाचे मूळ ठरली. 1909 मध्ये एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्याने ‘डेल्को’ नावाची स्वतःची कंपनी काढली. तिचा आरंभ डीड्सच्या घरामागील तबेल्यात झाला होता.

त्या काळच्या मोटारींची हकिकत येथे सांगितली पाहिजे. 1900 साली अमेरिकेत एकूण 4192 मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी 1681 वाफेच्या, 1575 विजेच्या आणि केवळ 936 पेट्रोलच्या होत्या. विजेची मोटार म्हणजे आजची नवलाई असे समजणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे, आणि बसल्या जागी सुरू होई. शहरातल्या स्त्रिया तीच पसंत करीत. पेट्रोलची मोटार घराघरांत नेणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हीदेखील विजेचीच गाडी वापरी! उलट पेट्रोलच्या गाडीला पुढून हॅण्डल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडलेच म्हणून समजावे. कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लीलंड याच्या एका स्नेह्याला अशाच झटक्याने दुखापत होऊन त्यातच त्याचा अंत झाला, आणि लीलंडने हॅण्डल घालवण्याचा विडा उचलला, असे सांगतात. काम केटरिंगकडे आले.

गल्ल्याची युक्ती येथे कामी आली. इंजिन फिरवण्यासही क्षणभरच जोर हवा. लहान मोटर, एक बॅटरी, आणि इंजिन चालू झाले की तीच मोटर उलट वीज निर्माण करून बॅटरी भरणार, शिवाय दिवेही लावणार. 1912 च्या कॅडिलॅकवर हा ‘सेल्फ’ आला. पुढे काही वर्षांतच तो सर्वत्र पसरला. विजेच्या मोटारीकडे बायका-मुलांची व वयस्कर माणसांची जी ओढ होती, तिचे मुख्य कारणच त्यामुळे नाहीसे झाले. पेट्रोलच्या गाडीने विजेच्या गाडीला हरवले ते आपल्या पोटात विजेची एक मोटर घेऊन!

मात्र सारे श्रेय किंवा अपश्रेय एकट्या केटरिंगच्या माथी मारणे बरे नव्हे. 1901 साली टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचे कारंजे फुटले आणि तेल स्वस्त झाले. तोवर तेलाचा धंदा मुख्यतः दिव्याच्या रॉकेलवर चाले. पेट्रोल ही जवळजवळ टाकाऊ वस्तू होती. विजेच्या दिव्याने रॉकेलचे गिऱ्हाईक ओढून घेतले तेव्हा तेलवाल्यांना नवे गिऱ्हाईक हवेच होते, आणि ते मोटारीच्या रूपाने दारी आले. फोर्डने 1908 पासून स्वस्त गाडी दिली. विजेच्या गाडीची बॅटरी जड, पल्ला थोडा, आणि किंमत दुपटीहून अधिक. येथपर्यंत कोणी कोणाचा गळा दाबला असे मला दिसत नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

मोटारी वाढल्या तसे पेट्रोल अपुरे पडू लागले. एकाच खनिज तेलातून अधिक पेट्रोल काढण्याच्या भरात त्याची प्रत उतरली, आणि इंजिने आतून ठोके देऊ लागली. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘नॉकिंग’ म्हणतात. लोकांनी दोष दिला केटरिंगच्या बॅटरीला. त्याने मुळाशी जायचे ठरवले आणि टॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कामाला लावले. दोष इंधनाचा, हे लवकरच ठरले. हा ठोका क्षुल्लक नव्हता. इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच थेंबातून अधिक काम निघते. परंतु दाब वाढवला की ठोका सुरू होतो. म्हणजे कमी तेलात अधिक चालणारी मोटार हवी असेल, तर ठोका आधी घालवला पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे भूगर्भतज्ज्ञ देशातील तेल लवकरच सरत येईल असे सांगू लागले होते. केटरिंगचा हेतू तेल वाचवण्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

या शोधाचा आरंभ मोठा गमतीचा आहे. ओहायोच्या रानात बर्फ वितळण्यापूर्वीच फुलणारी एक वेल असते. तिच्या पानांच्या मागची बाजू तांबडी. केटरिंगला वाटले, तांबडा रंग उष्णता अधिक शोषत असावा. इंधन तांबडे केले तर ठोका जाईल. 1916 च्या डिसेंबरात मिजलीला तांबडा रंग हाताशी मिळाला नाही, म्हणून त्याने आयोडीन ओतले, आणि ठोका थांबला. मग खरे तांबडे रंग आणून पाहिले, तर एकाचाही उपयोग होईना! गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. कल्पना चुकीची, पण तिने वाट बरोबर दाखवली. पुढे पाच वर्षे शेकडो द्रव्ये तपासली गेली. टेल्यूरियम गुणकारी निघाले, पण त्याची लसणीसारखी दुर्गंधी अंगाला, कपड्यांना अशी चिकटे की माणसे जवळ उभी राहीनात. अखेर 9 डिसेंबर 1921 रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, इंजिनात घातले आणि ठोका पूर्ण बंद पडला. गॅलनभर पेट्रोलला तीन घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी, एवढे पुरे होते.

परंतु ठोका घालवणारे दुसरे एक द्रव्य या मंडळींना आधीच सापडले होते. ते म्हणजे अल्कोहोल, आपला मद्यार्क. मका, ऊस, बटाटा, कशापासूनही निघणारा. शिशाचा शोध लागण्यापूर्वी दोनच महिने, 1921 च्या ऑक्टोबरात, मिजलीने तीस टक्के अल्कोहोल घातलेल्या पेट्रोलवर आपली मोटार डेटनहून इंडियानापोलिसला इंजिनिअरांच्या परिषदेला चालवीत नेली होती. केटरिंगचे तर मतच होते, की तेल संपल्यावर माणसाला शेतातल्या इंधनाकडे वळावे लागेल, कारण त्याच्या पाठीशी सूर्य आहे.

मग शिसे का? अल्कोहोलपुढे अडचणी होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत त्या वेळी दारूबंदी होती, आणि देशभरच्या मोटारींना पुरेल एवढे अल्कोहोल कोठून आणावे हा प्रश्न होता. पण हिशेबाची बाजूही पाहा. अल्कोहोल कोणीही शेतकरी गाळू शकतो. त्याच्यावर पेटंट मिळत नाही. शिवाय ते दहा, वीस, तीस टक्के घालावे लागते, म्हणजे तेवढी टाकी तेलवाल्याच्या हातून जाते. शिशाचे तसे नाही. पेटंट आपले, प्रत्येक गॅलनमागे कर आपला, आणि टाकीतले तेल तेलवाल्याचेच. केटरिंग आता जनरल मोटर्सच्या संशोधनखात्याचा प्रमुख होता, आणि त्या कंपनीत ड्यूपॉन्ट या रसायनांच्या पेढीचा मोठा हिस्सा होता. 1923 च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये शिशाचे पेट्रोल विकले जाऊ लागले. 1924 च्या ऑगस्टात जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी निम्म्या-निम्म्या भागीने ‘एथिल’ कंपनी उभी केली. केटरिंग अध्यक्ष, मिजली उपाध्यक्ष. नावात शिशाचा उल्लेख कोठेही नव्हता.

शिसे विषारी आहे, हे काही नंतर कळले असे नाही. शेंदूर हे शिशाचेच भस्म. गवयाला कोणी वैऱ्याने शेंदूर चारला आणि त्याचा गळा गेला, अशा कथा आपल्या जुन्या संगीतप्रेमी घरांत कितीदा तरी सांगितल्या जात. अमेरिकेतील वैद्यांनाही हे विष पूर्ण परिचयाचे होते. खुद्द मिजलीला 1923 च्या आरंभी शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. आणि मग 1924 च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथे, स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात, हे द्रव्य तयार करणारी माणसे एकाएकी वेड्यासारखी करू लागली. काहींना बांधून इस्पितळात न्यावे लागले. पाच जण दगावले. ड्यूपॉन्टच्या कारखान्यातही माणसे मेली. तेथल्या मजुरांना हवेत नसलेले किडे उडताना दिसत, म्हणून त्या इमारतीला ते फुलपाखरांचे घर म्हणत.

गहजब झाला. न्यूयॉर्क शहराने विक्रीवर बंदी घातली. कंपनीने स्वतः विक्री थांबवली, आणि 20 मे 1925 रोजी सरकारच्या आरोग्यप्रमुखाने वॉशिंग्टन येथे सर्व पक्षांची परिषद बोलावली. येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन, आणि कामगारांच्या आरोग्याच्या थोर अभ्यासक डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी बजावले, की कारखान्यातली दुर्घटना एक वेळ आटोक्यात येईल, परंतु रस्त्यारस्त्यावर पसरणारी शिशाची धूळ हळूहळू जनतेला बाधेल. केटरिंग त्यांच्या विरुद्ध बाजूने उभा राहिला. तेल वाचवायचे तर ठोका घालवला पाहिजे, ही त्याची भूमिका. कंपन्यांचा एकंदर सूर असा, की शिशाला पर्याय नाही.

केटरिंगच्या साऱ्या आयुष्यात मला सलते ते हेच. पर्याय नाही असे खरोखर वाटणारे लोक त्या सभागृहात असतीलही; पण केटरिंग त्यांच्यातला असू शकत नव्हता. तीस टक्के अल्कोहोलची ती मोटार त्याच्याच प्रयोगशाळेतून निघाली होती. त्याला कोणी लाच दिली नव्हती, धमकावले नव्हते. तो लोभी माणूस नव्हता. संपत्तीचा मोठा भाग त्याने पुढे लोकांसाठीच दिला. आपल्या हाती जी वस्तू होती, जिच्यात आपली वर्षे आणि भागीदारांचा पैसा गुंतला होता, तिच्याखेरीज दुसरे काही त्या दिवशी त्याला दिसेना, एवढेच मला म्हणता येते.

तज्ज्ञांच्या समितीने 252 माणसांची तपासणी करून 1926 च्या जानेवारीत निर्णय दिला, की बंदी घालण्यास पुरेसा आधार नाही. मात्र सरकारने पुढेही अभ्यास चालू ठेवावा. पहिली ओळ अंमलात आली, दुसरी राहिली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे शिशावरचे बहुतेक संशोधन कंपन्यांच्याच पैशाने झाले. त्यातील मुख्य प्रयोगशाळा 1930 साली सिनसिनाटी येथे उघडली, आणि तिला नाव होते केटरिंगचे.

बरे, ज्यासाठी हा अट्टाहास केला ते तरी साधले का? शिशाच्या पेट्रोलने दुसऱ्या महायुद्धात विमानांना मोठे बळ दिले, हे मान्य केले पाहिजे. पण तेल वाचवणारी मोटार? 1930 साली पूर्व टेक्सासमध्ये तेलाचा महासागर लागला आणि काटकसरीची निकड कोणालाच उरली नाही. 1947 मध्ये, निवृत्त होताना, केटरिंगने साडेबारास एक इतक्या दाबाचे इंजिन इंजिनिअरांपुढे मांडले. त्याच्या डोळ्यांपुढे थोड्या तेलात दूर जाणारी गाडी होती. कंपन्यांनी त्याच्यापासून धडा घेतला तो वेगळाच. 1949 पासून अधिक दाबाची आठ सिलिंडरांची इंजिने आली खरी, पण वाढलेले बळ खर्च झाले ते गाडी लांब, जड आणि धावरी करण्यात. ज्याच्याकडे तेल विकायला आहे त्याची यावर तक्रार असण्याचे कारण नव्हते. आणि गिऱ्हाईकही खूष होते.

केटरिंगची इतर कामे येथे नुसती मोजली तरी यादी होईल. मोटारीचा लवकर वाळणारा रंग, आगगाडीचे डीझेल इंजिन, शीतकपाटातला फ्रिऑन वायू. यांतल्या फ्रिऑनने पुढे आकाशातील ओझोनचा थर विरळ केला, हे त्याच्या मृत्यूनंतर कळले. मला अधिक मोलाचे वाटते ते त्याचे एक वेड. भेटेल त्याला तो विचारी, की गवत हिरवे का असते? लोकांना तो विनोद वाटे. पण सूर्यप्रकाश पकडून साठवण्याचे जे रहस्य पानाला साधले आहे ते माणसाला साधले, तर तेल संपण्याची भीती उरणार नाही, असा त्याचा विचार होता. स्वतःच्या पैशाने त्याने ओहायोतील अँटिऑक कॉलेजात या संशोधनाची सोय केली आणि ती अखेरपर्यंत चालवली. जाहीर सभेत शिशाची बाजू घेणारा आणि खाजगीत सूर्याच्या मागे लागलेला, हा एकच माणूस होता.

1945 साली जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याच्या देणगीतून कर्करोग-संशोधनाची संस्था निघाली. कारखान्यातले शिस्तबद्ध संशोधन रोगाविरुद्ध कसे वापरावे, ही दिशा केटरिंगने दिली. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह कर्करोगानेच गेली. 25 नोव्हेंबर 1958 रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, डेटन येथे त्याचे निधन झाले.

त्याच्यामागे सात वर्षांनी, 1965 साली, क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की माणसांच्या शरीरातील शिसे निसर्गतः असावे त्याच्या अनेक पटींनी वाढलेले आहे. 1975 पासून अमेरिकेत बिनशिशाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या आल्या; 1996 मध्ये तेथील रस्त्यांवरून शिशाचे पेट्रोल पूर्ण हटले. आपल्याकडे 1995 साली चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि 2000 साली देशभर शिसे बंद झाले. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात 2021 मध्ये थांबला. मुलांच्या बुद्धीवर शिशाचा काय परिणाम होतो हे आता वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. हॅमिल्टनबाईंचे 1925 चे म्हणणे खरे ठरण्यास एवढा काळ गेला.

आणि अल्कोहोल? ते आज आपल्या गाडीत आहे. 2025 साली भारताने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले. त्यातला काही वाटा उसाचा, आणि त्यात महाराष्ट्रातील साखर कारखाने आघाडीवर. यालाही पाणी किती लागते, धान्य किती जाते, जुन्या गाड्यांचे काय, हे प्रश्न आहेत, आणि ते विचारलेच पाहिजेत. विजेची मोटारही परत आली. मधल्या काळात, 1996 ते 1999, केटरिंगच्याच जनरल मोटर्सने ईव्ही-1 ही विजेची गाडी काढली आणि नंतर भाड्याने दिलेल्या गाड्या परत घेऊन बहुतेक मोडीत घातल्या. तिच्या सुधारलेल्या बॅटरीच्या कंपनीतला आपला हिस्सा तिने टेक्साको या तेलाच्या पेढीला विकला. तिजोरीच्या गोष्टीच्या सर्वांत जवळ जाणारी खरी हकिकत हीच. पण तीही कोणी लपवली नव्हती. सारे कागदोपत्री, उजेडात झाले होते.

बडोद्याच्या उशाशी 1965 पासून कोयलीची रिफायनरी उभी आहे. आपल्या कित्येक घरांचा संसार तेलावर झाला आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. आता त्याच घरांतली नातवंडे बॅटऱ्यांच्या आणि इंधनांच्या प्रयोगशाळांत जात आहेत. त्यांना मी तिजोरीची गोष्ट सांगणार नाही, केटरिंगची सांगेन. विशेषतः 20 मे 1925 चा तो दिवस, जेव्हा एका हुशार, दिलदार आणि दूरदर्शी माणसाला सभागृहात उठून सांगता आले असते, की दुसरा उपाय आहे, आम्ही तो करून पाहिला आहे. त्याने ते सांगितले नाही. त्यांच्यापैकी कोणावर असा दिवस आला, तर त्यांनी ते सांगावे.